पन्नासावा चेंडू

आजवर सर्वांत जास्त गोल कुणी खाल्ले याची मोजदाद करायला कुणी बसलंच, तर पहिला नंबर तिसऱ्याचा लागेल आणि दुसरा त्याच्या आसपासही नसेल. ‘तिसरा’ हे काही त्याचं नाव नव्हे. क्लबात गोलकीपर तीन. पहिला सामने खेळायचा, दुसरा बाकावर बसून पहिल्याचं बोट कधी मोडतं याची वाट पाहायचा, आणि तिसरा सरावाला यायचा. नुसता सरावाला. अकरा वर्षं. सामन्याच्या दिवशी अंगात क्लबाचा कोट आणि बसायला जिन्याजवळची जागा, जिथून अर्धंच मैदान दिसतं.

क्लबाचे कपडे धुणारी मावशी त्याच्या पँटींना वैतागलेली असायची. गुडघे हिरवे, कोपरं तपकिरी. बाकीचे खेळून मळतात, हा न खेळता मळतो, असं ती साबणाच्या फेसात हात घालून म्हणायची. शिवाय तो अंगाने अगदी सडपातळ, त्यामुळे तिचा एक विनोद ठरलेला होता: “रोज एवढे गोल खातोस, अंगाला कसा लागत नाही रे एकही?” तो हसायचा. अकरा वर्षं तोच विनोद ऐकून तसाच हसायचा. दिवसभरात त्याच्याशी आपणहून बोलणारं ते एकच माणूस होतं, आणि विनोद जुना झाला म्हणून काय माणूस टाकायचं?

हे सगळे गोल त्याला घालणारा एकच होता. त्याला सगळे मुनी म्हणत, कारण तो बोलायचा कमी आणि डोळे नेहमी लांब कुठेतरी लागलेले. मुनी क्लबाचा स्ट्रायकर. संघातले दहा जण मागे एकमेकांना हाका मारत खेळायचे आणि हा एकटा पुढे, परक्यांच्या घोळक्यात उभा. सराव संपला, पोरं टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला पळाली, की मुनी चेंडूंची जाळी ओढत गोलासमोर यायचा. पन्नास चेंडू मारायचा. कधी एकोणपन्नास नाही की एक्कावन्न नाही. ऊन असो, चिखल असो, आदल्या दिवशी तीन गोल केले म्हणून लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलेलं असो. व्रत धरलेली माणसं गाजावाजा करत नाहीत, तसा तोही करत नसे. गोलात कुणीतरी उभं राहायला हवं होतं. पहिला आपले हात जपायचा, दुसरा पहिल्याकडे बघून आपले जपायचा. उरला तिसरा.

पहिल्याच आठवड्यात एक पेच पडला होता. पन्नासावा चेंडू खांबाला लागून बाहेर गेला. मुनी जागचा हलेना. एक्कावन्नावा मारायचा नाही, कारण पन्नास म्हणजे पन्नास. आणि चुकलेल्यावर घरी जायचं नाही, कारण तेही त्याने कधीतरी मनाशी धरलेलं. दोघे समोरासमोर तसेच उभे. घरी आपली आई वाट बघत बसली असेल, हे तिसऱ्याला तेवढ्यात आठवलं. त्याने चेंडू उचलून आणला, पुन्हा जागेवर ठेवला, खांबाला लागलेला मोजायचा नाही, हाच पन्नासावा, असं सांगितलं, आणि गोलात जाऊन डावीकडे एक पाऊल सरकून उभा राहिला. मुनीने त्याच्याकडे पाहिलं. बुटाचं टोक जमिनीवर दोनदा आपटलं, टुक टुक, आणि तिसरा जिथून सरकला होता बरोबर तिथून, मधोमध, अगदी हळू, चेंडू जाळीत सरकवला.

“पायाला घरी जाताना गोल आठवला पाहिजे,” तो म्हणाला. त्या वर्षात तिसऱ्याशी तो बोलला ते एवढंच.

तेव्हापासून ती रीत पडली. एकोणपन्नास चेंडू खरे. त्यांत तिसरा जीव तोडून उड्या मारायचा आणि दहा-बारा अडवायचाही. मग मुनी टोक दोनदा आपटायचा, तिसरा एक पाऊल डावीकडे व्हायचा, आणि पन्नासावा हळूच आत जायचा. पुढे पुढे तिसऱ्याला ऐकून ठरवावंही लागत नसे. टुक टुक ऐकू आलं की पाय आपोआप सरकायचा, आपण उंबऱ्याशी न बघता पाय उचलतो ना, तसा.

घरी आई. संध्याकाळचा दिवा लावला की ती स्वयंपाकघरात पाटावर बसायची आणि मुलगा येऊन आकडा सांगेपर्यंत तोंडात घास घालायची नाही. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. चेंडू अडवायचे, एवढं पुरेसं होतं.

“किती अडवलेस?”

तो खरं सांगायचा. नऊ. बारा. एकदा एकोणीस सांगितले तेव्हा तिने त्याला जवळ घेऊन डोक्यावरून हात फिरवला होता. मग तिचा दुसरा प्रश्न असायचा, “आणि उरलेले?”

“ते मुनीचे.”

“असू देत. त्यालाही घरी कुणीतरी विचारत असेल,” असं म्हणून ती ताट वाढायला घ्यायची.

आईला जाऊन दोन वर्षं झाली. तिसरा अजूनही घरी आला, दिवा लावला, की स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून आकडा सांगतो. मोठ्याने सांगतो. सांगितल्याशिवाय त्यालाही घास उतरत नाही.

मुनीने क्लबाकडून सर्वांत जास्त गोल केले त्या वर्षी एक बातमीदार आला. या माणसात असं आहे तरी काय, असं तो एकेकाला गाठून विचारत फिरला. प्रशिक्षकांनी वेग सांगितला. कप्तानाने डावा पाय सांगितला. मावशी म्हणाली, मला खेळातलं कळत नाही, पण एवढ्या सगळ्यांत हा एकटाच मोजे सरळ करून टाकतो. बातमीदाराने तेही लिहून घेतलं. तिसरा बाकावर बसून हातमोजे पुसत होता. तेच हातमोजे तिसऱ्यांदा पुसत होता, कारण त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

मुनीचा पाय काही फार जोरकस नाही, असं तो सांगणार होता. वेगही त्याच्यापेक्षा इतरांना जास्त आहे. पण तो थांबतो. समोर गोलकीपर, मागून दोघे धावून येताहेत, सगळं मैदान ओरडतंय, आणि हा अर्धा श्वास थांबतो. त्या अर्ध्या श्वासात समोरच्याला धीर निघत नाही. तो हलतो. कुठे का होईना, हलतो. मुनी गोलात मारतच नाही. माणूस जिथून हलला त्या जागी चेंडू नेऊन ठेवतो. आणि धावणं. मोकळ्या जागेकडे तो दहा वेळा धावतो, त्यांत नऊ वेळा चेंडू येतच नाही. बाकीचे चौथ्या खेपेला हात उडवून ओरडतात, सहाव्याला चालत जातात. हा नऊ वेळा रिकामा परत येतो, चकार शब्द काढत नाही, आणि दहाव्यांदा पहिल्यासारखाच धावतो. लोक म्हणतात बघा, चेंडू बरोबर याच्याकडेच कसा येतो. अहो, तो रोज तिथे जाऊन उभा असतो. चेंडू एक दिवस येतो. आणि चुकलाच एखादा, तर मुनी डोकं धरून बसत नाही. पाठ फिरवतो आणि चालायला लागतो, जणू तो चेंडू मारलाच नव्हता.

पन्नासाव्याचं मात्र तो सांगणार नव्हता. ते दोघांचं होतं.

बातमीदार त्याच्यासमोर येऊन थांबला. तिसऱ्याने हातमोजे खाली ठेवले. बातमीदाराने विचारलं, बाहेर जायचं दार कुठलं? तिसरा उठला आणि एक पाऊल बाजूला होऊन त्याने दार दाखवलं.

त्यानंतर महिन्याभरात मुनी क्लब सोडून गेला. दुसऱ्या शहरातला मोठा क्लब. शेवटच्या दिवशीही त्याने पन्नास मारले, टोक आपटलं, हळूच शेवटचा आत घातला आणि “येतो” म्हणून निघाला. तो रोजच ‘येतो’ म्हणायचा. तो गेल्याचं तिसऱ्याला थेट दुसऱ्या दिवशी कळलं. मावशी मुनीचं कपाट पुसत होती, आणि कपाटात पुसण्यासारखंही काही उरलं नव्हतं.

नवा स्ट्रायकर हसतमुख होता. सराव संपला की सर्वांत आधी गरम पाण्याखाली तोच. तिसरा मात्र सवयीने गोलात थांबायचा. पाच मिनिटं, कधी दहा. मैदानाच्या पलीकडे रस्त्यावरून गाड्या जायच्या, माळी नळी ओढत यायचा आणि त्याला वळसा घालून पाणी मारायचा. जणू गोलाच्या दोन खांबांसारखा हाही एक. घरी गेल्यावर दारात उभा राहून आकडा सांगावा, तर आकडाच नसायचा. आठ महिने त्याने आईला सांगितलं, “आज कुणी मारलेच नाहीत.”

मग एका आठवड्यात दोन गोष्टी झाल्या. पहिल्याचं बोट खरंच मोडलं. आणि ज्याने त्यासाठी सहा वर्षं वाट पाहिली होती त्या दुसऱ्याने पहिल्याच सामन्यात पंचाला असं काही सुनावलं की त्याला एका सामन्याची बंदी आली. पुढचा सामना मुनीच्या क्लबाशी होता.

प्रशिक्षकांनी तिसऱ्याला खोलीत बोलावलं. अकरा वर्षांत त्या खोलीतल्या खुर्चीवर तो पहिल्यांदा बसला. नीट खेळलास तर बोट बरं होईपर्यंत तूच, दुसऱ्याचं तोंड मला बघायचं नाही, असं ते म्हणाले. मग म्हणाले, मुनीला तू ओळखतोस, पोरांना सांग.

पोरांसमोर उभं राहून तिसऱ्याने सांगितलं.

“त्याच्यासमोर आडवे पडू नका. घाई करू नका. तो तुम्ही हलायची वाट बघतो. तुम्ही हलू नका. नुसतं उभं राहायचं.”

मागून कुणीतरी म्हणालं, अरे, याला बोलताही येतं की. सगळे हसले, तोही हसला. पण त्याच्या मनात संघातल्या त्या जागेपेक्षा वेगळंच होतं. त्याला एकच जाणून घ्यायचं होतं. आपण गोलकीपर आहोत, की मुनीच्या पायाला व्यायाम म्हणून समोर ठेवलेली एक वस्तू? ज्या दिवशी मोजतात, त्या दिवशी मुनीचा एक चेंडू अडवता आला, एकच, तर उत्तर मिळणार होतं. अकरा वर्षांची किंमत त्या एका चेंडूत होती.

त्याचा सामन्याचा शर्ट अकरा वर्षं पिशवीतच होता. मावशीने तो काढला तर घड्या मोडता मोडेनात. दोनदा इस्त्री करून तिने तो त्याच्या हातात दिला. “पहिल्यांदाच मळवतोयस,” ती म्हणाली. “नीट मळव.”

दुपार स्वच्छ होती. सामन्याच्या दिवशीही पूर्ण मैदान दिसू शकतं, हे त्याला विसरायलाच झालं होतं. जिन्याजवळून अर्धं बघायची डोळ्यांना सवय. पहिली दहा मिनिटं त्याला सगळं फार मोठं वाटलं. मग कॉर्नरवरून एकाने डोक्याने मारलेला चेंडू त्याने खांबाजवळ बोटांच्या टोकांनी बाहेर काढला, आणि मैदान आपल्या मापाचं झालं. नंतर लांबून आलेला एक त्याने छातीशी धरला. एक तर समोरच्याच्या पायातून झेप घेऊन उचलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कुणासाठी हे बघायला त्याने क्षणभर मागे वळून पाहिलं, आणि मागे तर जाळीच होती.

मुनी पुढे एकटा फिरत होता. केस जरा विरळ झालेले, बाकी तोच. डावीकडे धावला, चेंडू आला नाही. परत आला. दोन बचावपटूंच्या मधून धावला, चेंडू आला नाही. परत आला. तिसरा मनात मोजत होता. मधल्या सुटीपर्यंत सात. आपल्या संघाने तोवर एक गोल केलेला होता. तिसऱ्याचं तिकडे धड लक्षही नव्हतं.

उत्तरार्धात दहाव्या धावेला चेंडू आला. बचावपटू मागे पडले. मुनी आणि तिसरा, मध्ये दहा-बारा पावलं, आणि मुनी थांबला. अर्धा श्वास. तिसऱ्याचं अख्खं अंग कुठेतरी उडी मार म्हणून ओरडत होतं. त्याने ऐकलं नाही. तो उभा राहिला. मग मुनीलाच धीर निघाला नाही. त्याने मारला, चेंडू तिसऱ्याच्या नडगीवर आदळून बाहेर गेला.

मुनीने पाठ फिरवली आणि तो चालायला लागला, जणू तो चेंडू मारलाच नव्हता. चार पावलांवर मात्र त्याने एकदा वळून पाहिलं. हे त्याने आजवर कधी केलं नव्हतं. तिसऱ्याच्या नडगीत कळ येत होती आणि ती थांबू नये असं त्याला वाटत होतं.

शेवटचं मिनिट चालू असताना आपल्याच एका बचावपटूच्या हाताला गोलाजवळ चेंडू लागला. शिट्टी वाजली. पेनल्टी.

मुनीने चेंडू हातात घेतला, फिरवला, खडूच्या ठिपक्यावर ठेवला. मागे सरकला. तिसरा रेषेवर उभा होता. डोकं शांत होतं. नुसतं उभं राहायचं. काय करायचं ते त्याच्याइतकं जगात कुणाला माहीत नव्हतं. हलायचं नाही, हलायचं नाही, हलायचं नाही.

मुनीने बुटाचं टोक जमिनीवर दोनदा आपटलं.

तिसरा एक पाऊल डावीकडे सरकला.

त्याला कळलं तेव्हा पाऊल टेकलेलं होतं. चेंडू मधोमध आला, अगदी हळू, जिथे तो आत्तापर्यंत उभा होता तिथून घरंगळत रेषेपलीकडे गेला आणि जाळीला नुसता टेकला. लहान मुलालाही वाकून उचलता आला असता.

कुणीतरी हसलं, आणि मग सगळीकडून हसू आलं. पाहुण्याला दार उघडून बाजूला व्हावं, तसा हा गोलकीपर बाजूला झाला होता. मुनीच्या संघातली पोरं मुनीच्या अंगावर जाऊन पडली. त्या ढिगाखालून मुनीचा चेहरा दिसत होता. त्यावर आनंद नव्हता. तो आपल्या बुटाकडे बघत होता.

सामना बरोबरीत सुटला. प्रशिक्षकांनी तिसऱ्याला एकच विचारलं, का? तिसरा काय सांगणार? पन्नासाव्याचं सांगितलं असतं तर मुद्दाम सोडला असं झालं असतं, आणि न सांगावं तर वेडा ठरला. प्रशिक्षक मान हलवून गेले. पोरं आंघोळ करून निघाली. कुणी त्याला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

तो बाहेर आला तेव्हा पाण्याच्या नळापाशी मुनी उभा होता. खांद्याला पिशवी, बाहेर बस चालू करून ठेवलेली.

“मुद्दाम नाही केलं,” मुनी म्हणाला.

“माहीत आहे.”

“तिकडे समोर कुणी उभं राहत नाही. रिकाम्या जाळीत मारतो पन्नास. आठ महिन्यांत टोक आपटलं नव्हतं.” तो थांबला. एवढं सलग बोलल्याने त्यालाच दमल्यासारखं झालं असावं. “आज तू समोर दिसलास. पायाने आपलं आपण केलं.”

मुनी खोटं बोलत नाही हे तिसऱ्याला कळत होतं. चेंडू मधोमध, हळू आला होता. मुनीचाही पाय फसला होता, तिसऱ्याचाही. फरक एवढाच, की एकाचा पाय फसला तर गोल होतो आणि दुसऱ्याचा फसला तर हसू.

“चल,” तिसरा म्हणाला. “एक घे. खरा.”

उजेड अजून होता. मैदानावर फक्त माळी, तोही पलीकडच्या टोकाला. तिसरा गोलात जाऊन उभा राहिला. नडगी ठणकत होती. हातमोजे घरच्या कपड्यांवरच चढवलेले. मुनीने ठिपक्यावर चेंडू ठेवला. मागे सरकला. बराच वेळ तो चेंडूकडे बघत राहिला. बाहेर बसवाल्याने भोंगा वाजवला. मग मुनी पुढे आला आणि त्याने चेंडूवर पाय ठेवला.

“आजचा झाला माझा,” तो म्हणाला.

त्याने तळव्याने चेंडू तिसऱ्याकडे सरकवला. चेंडू गवतावरून सावकाश आला, थेट त्याच्या पायांशी. तिसऱ्याने वाकून तो दोन्ही हातांनी उचलला.

“येतो,” मुनी म्हणाला आणि गेला.

आपल्याला राग येईल म्हणून तिसरा थोडा वेळ थांबला. पण राग आला नाही. बातमीदाराला सांगायच्या उत्तरात एक गोष्ट राहून गेली होती, ती आज कळली, इतकंच. मिळालेला गोल हा माणूस पुन्हा पणाला लावणार नाही. ज्याने त्याला दोन हजार वेळा पाऊल सरकवून दिलं त्याच्यासाठीही नाही. त्यात वाईटपणा नव्हता. पायाला घरी जाताना गोल आठवायला हवा होता, आणि त्या पायापलीकडे मुनीला कुणी नव्हतं. घरी कुणी विचारत असेल असं आईला वाटायचं. तसं कुणी असतं, तर रोज पन्नास चेंडू मारत कोण थांबतं?

तिसरा घरी आला. दिवा लावला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. पाट भिंतीला टेकवलेला होता.

“चार,” तो म्हणाला.

मग नेहमीप्रमाणे दुसऱ्या प्रश्नापुरता थांबला. आणि उरलेला? तोंड सवयीने ‘तो मुनीचा’ म्हणायला उघडलं होतं.

“उरलेला माझा, आई,” तो म्हणाला, आणि ताट वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर पुढच्या सामन्याची नावं लागली. दुसऱ्याचं तोंड बघायचं नाही म्हणणाऱ्या प्रशिक्षकांनी दुसऱ्याचंच नाव पहिलं लिहिलं होतं. बंदी संपली होती. तिसरा आपल्या जागी, तिसरा. सराव झाला, सगळे गेले. तो गोलात थांबला. पण आज नुसता थांबला नाही. हातातल्या बाटलीने त्याने बाजूच्या खांबावर दोनदा ठोकलं, टुक टुक, आणि डोळे समोर लावून उभा राहिला. पाय सरकला. तो परत जागेवर आला. पुन्हा ठोकलं. पुन्हा सरकला.

कपडे वाळत घालायला निघालेली मावशी टोपली कडेवर घेऊन उभी राहिली. कालचा त्याचा शर्ट वरच होता, धुऊन पिळलेला. एका कोपराचा डाग काही केल्या गेला नव्हता.

“काय चाललंय हे?”

“उभं राहायला शिकतोय.”

तिने यावर काही विनोद केला नाही. थोडा वेळ पाहिलं, आणि म्हणाली की आपणच वाजवून आपणच ऐकायचं, याने काय होणार, वाजवणारा दुसरा पाहिजे. टोपली खाली ठेवून ती आली. कपड्यांची काठी तिच्या हातात होतीच. तिने खांबावर दोनदा ठोकलं. तिसऱ्याचा डावा पाय सरकला.

“हलला,” मावशी म्हणाली.

“पुन्हा.”

“किती वेळा?”

“पन्नास.”

मावशीने माळ्याची बादली ओढली, पालथी घातली, तिच्यावर बसली आणि काठी उचलली.